अमेरिकेतल्या पक्षपाती वृत्तवाहिन्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला बहुतेक वेळा अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी मंडळी विचारतात. काही प्रश्न पुण्या-नागपूरहून येतात, मुलं-नातवंडं तिकडे आहेत म्हणून तिकडच्या बातम्या रोज बघणाऱ्या आईवडिलांकडून. उत्तरं माझी स्वतःची आहेत, कुठल्याही पक्षाची नाहीत.

तुम्ही रिपब्लिकन की डेमोक्रॅट?

दोन्ही नाही. मी लिबर्टेरियन विचारांच्या जवळची आहे. मराठी वाचकाला हा विचार अगदीच परका नसावा. शेतमालाच्या बाजारातून सरकारने बाजूला व्हावं यासाठी शरद जोशी आणि शेतकरी संघटना लढली. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र पक्षाने परवाना-परमिट राजविरुद्ध आवाज उठवला. अमेरिकेत हाच विचार आणखी पुढे जातो: कर कमी, युद्धं कमी, पाळत कमी, तुरुंग कमी, आणि माणसाला व्यापाराची, बोलण्याची, स्थलांतराची मोकळीक जास्त. त्यामुळे करांवर बोलले की मी उजवी वाटते आणि पोलिसांच्या अधिकारांवर बोलले की डावी.

वाहिनीला राजकीय मत असलं तर बिघडलं कुठे?

काहीच बिघडलं नाही. वर्तमानपत्रांना कायम मतं होती. केसरीला मत नव्हतं असं कोण म्हणेल? ठाम मत असलेली, आणि ते उघडपणे सांगणारी वाहिनी मला चालते. पण व्हाइट हाउसमधला माणूस बदलला की जी वाहिनी सरकारी अधिकारांबद्दलचं आपलं मतही बदलते, ती मला चालत नाही. कारण तिथे तत्त्व शिल्लकच राहत नाही, फक्त आपला गट उरतो. आणि ज्याला सरकारी सत्तेची धास्ती वाटते, त्याच्यासाठी सगळ्यात धोकादायक प्रेक्षक तोच, ज्याला सत्ता फक्त दुसऱ्याच्या हातात असतानाच दिसते.

याचं एखादं ठोस उदाहरण?

पाळतीचं घ्या. जानेवारी २००६ मध्ये, बुश अध्यक्ष असताना, प्यू संशोधन केंद्राने लोकांना विचारलं की दहशतवादाच्या तपासासाठी एनएसए या गुप्तचर संस्थेने केलेली पाळत मान्य आहे का. रिपब्लिकनांपैकी ७५ टक्के हो म्हणाले, डेमोक्रॅटांपैकी ३७ टक्के. जून २०१३ मध्ये एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने तिची गुप्त कागदपत्रं उघड केली तेव्हा अध्यक्ष ओबामा होते. पुन्हा तसाच प्रश्न विचारला गेला. शब्द तंतोतंत तेच नव्हते, पण गाभा तोच होता. आता ६४ टक्के डेमोक्रॅटांना पाळत मान्य होती आणि रिपब्लिकनांचा पाठिंबा ५२ टक्क्यांवर आला होता. संस्था तीच. कायद्याच्या बाजूने फरक होता: २००६ मधली पाळत न्यायालयाच्या परवानगीविना होती, २०१३ मधली गुप्त न्यायालयाच्या आदेशाने. पण सर्वात ठळकपणे बदलला होता तो अध्यक्ष. हा बदल एकट्या टीव्हीने घडवला असं मी म्हणणार नाही. पण रोज रात्री तीन तास कुणीतरी आपल्या बाजूची कारणं हातात ठेवत असेल, तर अशी कोलांटी मारताना माणसाला अडखळायला होत नाही.

याच विषयावर २३ जानेवारी २०१४ ला एमएसएनबीसी या वृत्तवाहिनीवर जे घडलं ते मी विसरू शकत नाही. अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, माजी सदस्य जेन हार्मन एनएसएबद्दल बोलत होत्या. सूत्रसंचालिका अँड्रिया मिचेल यांनी त्यांना मध्येच थांबवलं, कारण गायक जस्टिन बीबरला अटक झाली होती आणि मायामीच्या न्यायालयातून थेट दृश्यं यायला लागली होती. कोट्यवधी नागरिकांच्या फोनच्या नोंदी सरकार गोळा करतं, हा विषय एका तरुण गायकाच्या अटकेपुढे थांबला.

आणि राष्ट्रीय कर्ज. जानेवारी २००१ मध्ये ते सुमारे ५.७ लाख कोटी डॉलर होतं. बुश गेले तेव्हा १०.६, ओबामा गेले तेव्हा १९.९, ट्रम्प यांची पहिली कारकीर्द संपली तेव्हा २७.८, बायडन गेले तेव्हा ३६ च्या वर. चारही कारकिर्दींत आकडा चढतच गेला. तुमची नेहमीची वाहिनी यातल्या कोणत्या वर्षांत कर्जाबद्दल पोटतिडकीने बोलत होती आणि कोणत्या वर्षांत गप्प होती, एवढं आठवून बघा.

हे सगळं सुरू कधी झालं?

टेड टर्नर यांनी १ जून १९८० ला अटलांटातून सीएनएन सुरू केली. १९९६ मध्ये दोन प्रतिस्पर्धी आले: जुलैत मायक्रोसॉफ्ट आणि एनबीसी यांची एमएसएनबीसी, ऑक्टोबरात रूपर्ट मर्डॉक यांची फॉक्स न्यूज. फॉक्सचे प्रमुख रॉजर एल्स हे निक्सन, रेगन आणि थोरल्या बुश यांचे प्रचार सल्लागार राहिलेले होते. एमएसएनबीसीला डावीकडची ओळख मिळायला पुढे बरीच वर्षं लागली. नोव्हेंबर २०२५ पासून तिचं नाव एमएस नाऊ आहे.

पण १९८७ मध्ये समतोलाचा नियम रद्द झाला, त्यामुळेच ही वेळ आली ना?

हा प्रश्न सर्वात जास्त वेळा येतो.

एफसीसी या सरकारी आयोगाने १९४९ मध्ये ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ आणली: रेडिओ आणि टीव्ही केंद्रांनी सार्वजनिक वादाचे विषय मांडावेत आणि विरुद्ध मतांनाही जागा द्यावी. १९८७ मध्ये आयोगानेच ती मागे घेतली. त्याआधी काँग्रेसने ती कायद्यात घालायचा प्रयत्न केला तेव्हा रेगन यांनी नकाराधिकार वापरला. इथपर्यंत सगळं खरं आहे. पण हा नियम हवेतून प्रक्षेपण करणाऱ्या परवानाधारक केंद्रांसाठी होता. त्या परवान्याच्या चौकटीत केबलवरच्या वृत्तवाहिन्या बसतच नाहीत. तो आजही जिवंत असता तरी फॉक्स न्यूज किंवा एमएसएनबीसीच्या स्टुडिओपर्यंत त्याचा हात पोचला नसता. राजकीय चर्चांवर चालणाऱ्या ‘टॉक रेडिओ’चं नशीब मात्र नियम रद्द झाल्याने खरोखर बदललं, हे मान्य केलं पाहिजे.

दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो: नियम असताना तो वापरला कुणी? पेन्सिल्व्हेनियातल्या रेड लायन इथल्या एका लहानशा रेडिओ केंद्रावर एका उजव्या धर्मोपदेशकाने पत्रकार फ्रेड कुक यांच्यावर टीका केली. कुक यांनी उत्तरासाठी फुकट वेळ मागितला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६९ मध्ये न्यायालयाने नियम उचलून धरला. काही वर्षांनी उघड झालं की उजव्या रेडिओ केंद्रांना अशा मागण्यांनी जेरीस आणण्यामागे डेमोक्रॅटिक पक्षाची माणसं होती. मग निक्सन यांची पाळी आली. वॉटरगेट प्रकरण खणून काढणाऱ्या वॉशिंग्टन पोस्टच्या मालकीची दोन टीव्ही केंद्रं फ्लोरिडात होती. त्यांच्या परवान्यांच्या नूतनीकरणाला आव्हान देणाऱ्यांत निक्सन यांच्या निकटवर्तीयांचा समावेश होता.

समतोल राखला की नाही हे ठरवायला माणूस लागतो, आणि तो माणूस सरकार नेमतं. तुमच्या सर्वात नावडत्या अध्यक्षाने नेमलेल्या माणसाच्या हाती हा अधिकार देऊन पाहा. अजूनही नियम हवासा वाटतो का?

तुमचा बाजारावर विश्वास आहे. मग या वाहिन्या बाजारानेच दिल्या, तक्रार कसली?

बाजाराने दिल्या, पण तो बाजार मोकळा कधीच नव्हता. रस्त्याखालून केबल टाकायला शहराची परवानगी लागते. कित्येक दशकं बहुतेक शहरांनी ती एकाच कंपनीला दिली. इतरांना वगळून एकाच कंपनीशी करार करायला बंदी घालणारा कायदा १९९२ मध्ये आला. तोवर घराघरांत जाणारी वाट एकाच हातात होती.

याचं सर्वात बोलकं उदाहरण १९९६ च्या न्यूयॉर्कमधलं आहे. न्यूयॉर्कमध्ये केबल पुरवणाऱ्या टाइम वॉर्नर कंपनीने टर्नर यांचा उद्योग, म्हणजे सीएनएनसुद्धा, विकत घेतला. सरकारने अट घातली की केबलवर सीएनएनची एखादी प्रतिस्पर्धी वृत्तवाहिनीही दाखवा. टाइम वॉर्नरने एमएसएनबीसी निवडली. मर्डॉक तर उलटी गंगा वाहवत होते: एरवी केबल कंपनी वाहिनीला पैसे देते, पण फॉक्स न्यूज दाखवण्यासाठी ते केबल कंपन्यांना ग्राहकामागे सुमारे १० डॉलर द्यायला तयार होते. तरी त्यांच्याच मुख्यालयाच्या शहरात त्यांना जागा मिळेना. मग महापौर रुडी जुलियानी पुढे आले. त्यांच्या १९८९ च्या प्रचारात रॉजर एल्स यांनी काम केलं होतं. शहरासाठी राखून ठेवलेल्या केबल वाहिन्यांपैकी एकीवर फॉक्स न्यूज लावायचा घाट महापालिकेने घातला. टाइम वॉर्नर न्यायालयात गेली. न्यायाधीश डेनीस कोट यांनी महापालिकेला रोखलं, कारण काय दाखवायचं हा कंपनीचा निर्णय फिरवण्यासाठी शहर आपली सत्ता वापरत होतं. १९९७ मध्ये अपील न्यायालयानेही तो मनाई हुकूम कायम ठेवला. त्याच उन्हाळ्यात मर्डॉक आणि टाइम वॉर्नर यांनी आपसात सौदा केला आणि फॉक्स न्यूयॉर्कच्या घरांत पोचली.

या गोष्टीत एकही निर्मळ पात्र नाही. मक्तेदार कंपनी, अटी घालणारं केंद्र, मित्राला मदत करणारा महापौर, सगळे आहेत. प्रेक्षकाला मात्र कुणीच विचारलं नाही.

आणि तुमच्या बिलाचं काय? केबलचं पॅकेज घेतलं की फॉक्स न्यूजला प्रत्येक ग्राहकामागे महिन्याला दोन डॉलरहून अधिक जातात, सीएनएनला सुमारे एक डॉलर. तुम्ही ती वाहिनी कधी लावली नाही तरीही. म्हणजे डावं घर फॉक्सला पोसतं आणि उजवं घर सीएनएनला. ज्याला जी वाहिनी हवी त्याने तिचेच पैसे द्यावेत, एवढी साधी सोय नसताना याला ग्राहकाची निवड कसं म्हणायचं? लोक केबल तोडत आहेत याचा मला म्हणूनच आनंद आहे.

प्रेक्षकांना जे हवं तेच त्या देतात, नाही का?

हो, आणि ते किती टोकाला जाऊ शकतं हे न्यायालयीन कागदांत नोंदलं गेलं आहे. ३ नोव्हेंबर २०२० ला, अध्यक्षीय निवडणुकीच्या रात्री, फॉक्सने इतरांच्या आधी ॲरिझोना राज्य बायडन यांच्या खात्यात टाकलं. अंदाज बरोबर निघाला, पण प्रेक्षक भडकले आणि न्यूजमॅक्स या दुसऱ्या उजव्या वाहिनीकडे वळू लागले. पुढच्या काही आठवड्यांत डोमिनियन कंपनीच्या मतदान यंत्रांनी फेरफार करून ट्रम्प यांना हरवलं हा आरोप फॉक्सच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा आला. डोमिनियनने दावा लावल्यावर आतले संदेश बाहेर पडले. फॉक्सचे सूत्रसंचालक टकर कार्लसन खासगीत लिहीत होते की हा आरोप करणारी वकील सिडनी पॉवेल खोटं बोलते आहे. फॉक्सच्याच एका बातमीदाराने ट्रम्प यांचा दावा तपासून चुकीचा ठरवला, तेव्हा तिला काढून टाका, यामुळे कंपनीचा शेअर घसरतो आहे, असंही त्यांनी सहकाऱ्यांना लिहिलं. डेलावेअरच्या न्यायाधीशांनी खटला उभा राहण्याआधीच स्पष्ट केलं की डोमिनियनबद्दलचं यातलं एकही विधान खरं नव्हतं. १८ एप्रिल २०२३ ला फॉक्सने ७८.७५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

मला यात सर्वात जास्त टोचतं ते हे: पडद्यावरच्यांना सत्य माहीत होतं, आणि आपल्याच प्रेक्षकांना ते सांगायची त्यांना भीती वाटत होती.

म्हणजे फॉक्स वाईट आणि बाकीचे चांगले?

डोमिनियन प्रकरणाइतकं मोठं, कागदोपत्री सिद्ध झालेलं प्रकरण दुसऱ्या बाजूला नाही, हे मी स्पष्ट सांगते. ‘सगळे सारखेच’ म्हणणं हा आळस आहे. पण सत्तेशी सलगी दोन्हीकडे आहे. २०२० मध्ये सीएनएनवर क्रिस कुओमो आपल्या सख्ख्या भावाला, न्यूयॉर्कचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांना, बोलावून हसतखेळत मुलाखती घेत होते. तेव्हा तेच गव्हर्नर कोविडच्या साथीतले आणीबाणीचे अधिकार वापरून राज्य चालवत होते. पुढे भावावर लैंगिक छळाचे आरोप झाले तेव्हा क्रिस यांनी पडद्यामागून मदत केल्याचं उघड झालं आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्यांची नोकरी गेली. बायडन यांच्या प्रवक्त्या जेन साकी व्हाइट हाउसमधून एमएसएनबीसीत गेल्या. फॉक्सचे पीट हेगसेथ २०२५ मध्ये थेट संरक्षणमंत्री झाले. या दारातून माणसं दोन्ही दिशांनी जात-येत असतात.

न्यायालयातला बचावही दोघांचा जवळजवळ एकच. २०२० मध्ये टकर कार्लसन यांच्यावरच्या बदनामीच्या दाव्यात फॉक्स जिंकलं, कारण न्यायाधीशांच्या मते समंजस प्रेक्षक त्यांचं बोलणं अतिशयोक्ती म्हणूनच ऐकेल. सूत्रसंचालिका रेचल मॅडो यांच्यावरच्या दाव्यात एमएसएनबीसीही त्याच धर्तीवर जिंकली. कायदा म्हणून मला दोन्ही निकाल योग्य वाटतात. मत मांडल्याबद्दल कुणाला दंड होऊ नये. प्रेक्षकांनी मात्र ते वाचायला हवेत.

युद्धाच्या काळात या वाहिन्या कशा वागतात?

इथे मला पक्षांपेक्षा मोठी एकी दिसते. फेब्रुवारी २००३ मध्ये, इराकवरच्या हल्ल्याच्या काही आठवडे आधी, एमएसएनबीसीने फिल डोनाह्यू यांचा कार्यक्रम बंद केला. त्या वाहिनीवर सर्वात जास्त पाहिला जाणारा कार्यक्रम तोच होता. नंतर बाहेर आलेल्या अंतर्गत टिपणात काळजी अशी होती की युद्धविरोधी पाहुण्यांना जागा देणारा हा चेहरा युद्धाच्या काळात अडचणीचा ठरेल. एनबीसीची मालक तेव्हा जनरल इलेक्ट्रिक होती, जी लष्करासाठी इंजिनं बनवते.

आणि एप्रिल २००८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं की टीव्हीवर स्वतंत्र तज्ज्ञ म्हणून बसणाऱ्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांना पेंटागॉन खास बैठकांत मुद्दे पुरवत होतं, आणि त्यांतल्या अनेकांचे संरक्षण कंपन्यांशी आर्थिक संबंध होते. या बातमीला पुलित्झर मिळालं. एका युद्धात हजारो अमेरिकन सैनिक आणि त्याहून कितीतरी अधिक इराकी माणसं मेली. त्यापुढे रोजच्या रात्रीची भांडणं मला फार किरकोळ वाटतात.

लिबर्टेरियन लोकांना तरी तिथे जागा मिळते का?

कोपऱ्यात. जानेवारी २००८ मध्ये रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्षीय उमेदवार निवडताना आयोवा राज्यात लिबर्टेरियन विचारांच्या रॉन पॉल यांना सुमारे १० टक्के मतं पडली, जुलियानी यांना चारसुद्धा नाही. तीनच दिवसांनी न्यू हॅम्पशरमध्ये फॉक्सने जो चर्चेचा कार्यक्रम केला त्यात जुलियानी होते, युद्धविरोधी पॉल नव्हते. तिथल्या रिपब्लिकन पक्षाने निषेध म्हणून आपला सहभाग काढून घेतला. पुढे फॉक्स बिझनेसवर जॉन स्टॉसेल आणि माजी न्यायाधीश अँड्र्यू नापोलितानो यांचे चांगले कार्यक्रम झाले, पण मुख्य वाहिनीच्या मानाने प्रेक्षक फारच कमी.

खोटं दाखवणाऱ्या वाहिनीचा परवाना रद्द का करत नाहीत?

केबल वाहिनीला एफसीसीचा परवानाच नसतो. आणि ज्यांना असतो त्यांचं काय होतं ते सप्टेंबर २०२५ मध्ये दिसलं. एबीसीवरच्या विनोदी कार्यक्रमाचे सूत्रसंचालक जिमी किमेल यांच्या बोलण्यावर एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी जाहीरपणे कारवाईचा इशारा दिला आणि काही तासांत कार्यक्रम थांबवला गेला. काही दिवसांनी तो परत आला. किमेल तुम्हाला आवडतात की नाही हा मुद्दाच नाही. ज्याचं नुकसान झालं त्याने न्यायालयात जावं, पुरावे मांडावेत, भरपाई घ्यावी. डोमिनियनने तेच केलं आणि त्यासाठी एकाही सरकारी सेन्सॉरची गरज पडली नाही.

या वाहिन्यांचा मतांवर खरंच इतका परिणाम होतो?

होतो, पण समजलं जातं तितका सरसकट नाही. फॉक्सला रात्रीच्या मुख्य वेळेत साधारण २५-३० लाख प्रेक्षक असतात. देशाची लोकसंख्या ३४ कोटींच्या आसपास आहे. डेलाविन्या आणि कॅप्लन या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये मांडलं की १९९६ ते २००० या काळात ज्या गावांत फॉक्स पोचलं, तिथे रिपब्लिकन मतांचा वाटा सुमारे ०.४ ते ०.७ टक्का बिंदूंनी वाढला. कमी वाटतं, पण २००० साली फ्लोरिडाचा निकाल ५३७ मतांनी लागला होता.

ब्रूकमन आणि काला यांचा सप्टेंबर २०२० मधला प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. त्यांनी फॉक्सच्या नेहमीच्या प्रेक्षकांना तासाला १५ डॉलर देऊन महिनाभर सीएनएन बघायला लावलं. काहींची मतं हलली, मुख्यतः कारण फॉक्सवर न आलेल्या गोष्टी त्यांना पहिल्यांदा कळल्या. पैसे थांबल्यावर ते फॉक्सकडे परतले आणि परिणाम बराचसा विरला. खोटी बातमी निदान पकडता येते. न दाखवलेली बातमी पकडणार कशी?

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांचा या वादाशी काय संबंध?

१९ सप्टेंबर २०२५ आठवा. एच-१बी व्हिसावर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. वाणिज्यमंत्र्यांनी ते दरवर्षी लागेल असं सांगितलं. सुट्टीवर भारतात आलेल्या लोकांनी मिळेल त्या विमानाने परतायची धडपड केली. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसने खुलासा केला की शुल्क एकदाच आणि फक्त नव्या अर्जांसाठी आहे. त्या रात्री कुटुंबांना एकच माहिती हवी होती: हे आम्हाला लागू आहे का? या प्रश्नाचं उत्तर बाजू मांडणाऱ्या पॅनेलकडे नसतं. ते आदेशाच्या मजकुरात, इमिग्रेशन खात्याच्या सूचनेत आणि वकिलाकडे असतं. स्थलांतरितांबद्दलची चर्चा या वाहिन्यांवर वर्षभर चालते, पण ती बहुतेक वेळा मतदारांना उद्देशून असते, तुम्हाला नाही.

भारतातल्या वाहिन्यांनाही हेच लागू होतं का?

अर्धंच. भारतात वृत्तवाहिनीला केंद्राची परवानगी लागते, आणि खासगी एफएम केंद्रांना आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. सुरक्षेचं कारण देऊन मीडियावन या मल्याळम वाहिनीचं नूतनीकरण नाकारलं गेलं होतं; एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. परवान्याची दोरी सरकारच्या हातात असेल तर वाहिनी कुणाकडे बघून बोलेल, याबद्दल मला फार विचार करावा लागत नाही.

मग तुम्ही स्वतः काय बघता?

सी-स्पॅन. १९७९ मध्ये सुरू झालेली ही वाहिनी केबल कंपन्यांनी स्वतःहून उभी केली. सरकारी पैसा नाही, जाहिराती नाहीत, ग्राहकामागे महिन्याला काही सेंट एवढाच खर्च. काँग्रेसचं कामकाज, समित्यांच्या सुनावण्या, कापछाट न करता. प्रतिनिधिगृहातले कॅमेरे मात्र गृहाच्याच ताब्यात असतात, आणि रिकाम्या बाकांकडे ते सहसा वळत नाहीत, हे लक्षात ठेवून बघावं लागतं. सुनावणी कंटाळवाणी असते. मी ती स्वयंपाक करताना लावून ठेवते. बाकी वेळ वाचनात: न्यायालयाचे निकाल, काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचे अहवाल, विधेयकांचा मूळ मजकूर. सुरुवात कुठून करू असं कुणी विचारलं, तर मी सांगते की तुमच्या वाहिनीवर आज ज्या निकालाची सर्वात जास्त चर्चा झाली त्याची पहिली पाच पानं वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात, आणि सुरुवातीलाच सारांश असतो.